बुरूड राजाच्या कोटाखाली काय निघालं?

"आपल्या गावाचा इतिहास कुठल्याच पुस्तकात नाही. जो आहे तो गोऱ्यांनी लिहिलेला. खरा इतिहास म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी होता, तो त्यांच्याबरोबर गेला." आमच्या वसई-विरारकडच्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर हा मजकूर फिरतोय आणि त्याखाली हात जोडलेल्यांची रांग. इतके दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

पुस्तकात नाही? नालासोपाऱ्याची माहिती हवी म्हणून लोक पालघर जिल्ह्याचं जुनं गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ, मागतात आणि हात हलवत परततात. अहो, पालघर जिल्हा झाला २०१४ साली! सोपारा बसलाय ठाण्याच्या खंडांत. त्यातला १८८२ चा चौदावा खंड तर सगळा स्थळांचाच. वसई मात्र 'बसीन' म्हणून शोधायची, एवढीच मेख. शासनाच्या दर्शनिका (गॅझेटियर) विभागाने हे जुने खंड पुन्हा छापलेत, संकेतस्थळावरही ठेवलेत.

गोऱ्यांनी लिहिलेला? संपादक कॅम्पबेल, हे कबूल. शेतसारा वसूल करणाऱ्या सरकारचं पुस्तक आहे, ते तसंच सावधपणे वाचायचं. पण त्याच मालिकेसाठी दख्खनचा प्राचीन इतिहास लिहिला तो मालवणात जन्मलेल्या रा. गो. भांडारकरांनी. आणि गॅझेटियर नकोच असेल तर मराठीत काय कमी आहे? राजवाड्यांनी १९२४ साली छापलेली 'महिकावतीची बखर' घ्या. केळवे-माहीमपासून मुंबईपर्यंतच्या मुलखाची हकिगत आहे, तीही आपल्याच माणसांनी लिहिलेली. तिच्यातले शक एकमेकांशी जुळत नाहीत, त्यामुळे डोकं धरावं लागतं, पण गावांची नावं वाचताना आपण ओळखीच्या रस्त्याने चाललोय असं वाटतं. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, त्या मोहिमेतली पत्रं पेशवे दफ्तराच्या ४५ छापील खंडांत आहेत. मोडी येत नाही ही सबब तिथे चालत नाही, सगळं बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत आहे.

आता म्हाताऱ्यांच्या तोंडचा इतिहास. इथे मी अर्धा त्या मजकुराच्या बाजूने आहे. सोपाऱ्यात एक उंचवटा होता, गाव त्याला 'बुरूड राजाचा कोट' म्हणे. एप्रिल १८८२ मध्ये पुरातत्त्वाचे अभ्यासक पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो खणला. कोट नव्हताच, विटांचा स्तूप होता. मधोमध गोल दगडी पेटी, तिच्यात तांब्याचा करंडा आणि त्याच्या भोवती धातूच्या आठ छोट्या बुद्धमूर्ती. तांब्याच्या करंड्यात चांदीचा, चांदीच्या आत दगडाचा, मग स्फटिकाचा, शेवटी सोन्याचा. आणि सोन्याच्या करंड्यात काय, तर मातीच्या भांड्याच्या बारीक खापऱ्या! बुद्धाच्या भिक्षापात्राचे तुकडे म्हणून जपलेल्या. सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचं चांदीचं नाणंही त्यात होतं.

म्हणजे आजोबा राजाबद्दल चुकले, पण या ढिगात काहीतरी आहे हे गावाने शतकानुशतकं धरून ठेवलं होतं. ते करंडे आज मुंबईत एशियाटिक सोसायटीकडे आहेत. 'बुरूड राजाचा कोट' हे नावही आपल्याला ठाऊक आहे, कारण भगवानलालांनी खोदकामाच्या हकिगतीत ते लिहून ठेवलं.