एक ते चार

पणजीत दुपारी चप्पल तुटू नये. तुटायचीच असेल तर सकाळी तुटावी.

माझी तुटली एकला पाच कमी असताना. दुकान समोरच होतं, पण दुकानदाराचा हात शटरच्या कडीला लागलेला. मी चप्पल उंच धरून दाखवली. तो अगदी मनापासून हसला, "चार वरांचेर येयात" म्हणाला आणि खर्रकन शटर खाली. आमच्या विदर्भातल्या वरूडच्या बाजारात असं होणं नाही. तिथला दुकानदार आपल्याकडं नसलेली चप्पलही शेजारून आणून विकेल, पण गिऱ्हाईक सोडणार नाही.

आता तीन तास काय करायचं? मांडवीच्या काठी पणजी ते बेती फेरीबोट चालते आणि पायी माणसाला तिकीट नसतं. फुकट म्हटल्यावर मी एक पाय अनवाणी घेऊन इकडून तिकडे, तिकडून इकडे करत राहिलो. शेवटी दोर सोडणारा गडी माझ्याकडं काळजीनं बघायला लागला.

नदीवर वारा होता, तरी घाम काही थांबेना. पारा जेमतेम चौतीस, आणि साडूभाऊ सकाळपासून "काय गरम होतंय" म्हणून कण्हत होते. मी शेहेचाळीसमधून आलेलो, मोठ्यानं हसलो. पण आमच्याकडं घाम निघतो तिथंच वाळतो. संध्याकाळी सदऱ्याच्या पाठीवर मिठाचे पांढरे नकाशे तेवढे उरतात. पणजीत तो वाळतच नाही. दोरीवर टाकलेलं बनियन दुसऱ्या दिवशीही ओलंच होतं. तसंच घातलं.

फोंतेन्हासमध्ये गेलो तर पिवळ्या-निळ्या घरांच्या खिडक्याही मिटलेल्या. पर्यटक त्या बंद खिडक्यांचे फोटो काढत होते. आमच्या गावात बंद खिडकीचा फोटो फक्त वसुलीवाला काढतो.

साडूभाऊंचं म्हणणं असं, की 1961 साली पोर्तुगीज गेले, पण दुपारची झोप इथंच ठेवून गेले. असेल. मग आमची कोणी ठेवली? मे महिन्यात बारानंतर वरूडकडं कुत्रंसुद्धा रस्त्यावर दिसत नाही. कूलरच्या ताट्यांवर पाणी मारायचं, आंब्याचा रस-पोळी हाणायची आणि आडवं व्हायचं. शिवाय शेतीपंपाची लाईन रात्रीची असली की अर्ध्या रात्री टॉर्च घेऊन, विंचू-साप चुकवत संत्र्याच्या बगिच्यात जायचं. पाणी चुकलं तर आंबिया बहाराची फळं गळतात. संत्र्याला आपल्या झोपेचं काही घेणं-देणं नसतं. अशा माणसानं दुपारी डोळा लावला तर म्हणे विदर्भातले लोक आळशी. पुणेकरांच्या एक ते चारवर निदान विनोद तरी होतात. पणजीकराच्या झोपेसाठी लोक विमानानं येतात. आम्हाला नुसत्या शिव्या.

हे सगळं मी परत आल्यावर पारावर तावातावानं मांडलं. काकाजींनी शांतपणे सुपारी कातरली.

"मंग ते लोक काम कवा करतात गा?"

"सकाळी, अन् चारनंतर."

"अन् आपण?"

"सकाळी, चारनंतर, अन् रात्री."

"मंग आळशी कोन झालं बे?" काकाजी म्हणाले, आणि उत्तराची वाट न पाहता मासोळीचा भाव विचारला. तो सांगितल्यावर पारावरच्या कोणालाच माझ्या मुद्द्यात रस उरला नाही. सुरमईच्या एका तुकड्यात इथं सावजीचं अख्खं ताट कसं येतं, यावर अंधार पडेपर्यंत हिशेब चालला.

साडूभाऊ आता पुढच्या मे महिन्यात आमच्याकडं आराम करायला यायचं म्हणतात. मी फोनवर सांगितलं, खुशाल या, फक्त खिशात कांदा ठेवा, ऊन लागत नाही. बायकोनं फोन हिसकावला आणि म्हणाली, "कांदा इथं मिळते भाऊजी, तुम्ही काजू आना."