आयसीयूचा पहिला नंबर हवाय? मग ऐका

अभिनंदन! तुमचं आयसीयू रजिस्ट्रीत, म्हणजे वेगवेगळ्या आयसीयूंचे आकडे गोळा करणाऱ्या नोंदवहीत, सामील झालं आणि डेटा भरायचं काम तुमच्या गळ्यात पडलं. घाबरायचं काही कारण नाही. आपण इंदूरवाले, २०१७ पासून स्वच्छतेत पहिले, मग इथे मागे राहून कसं चालेल. मी चार वर्षं हेच केलंय, तर पोहे गार व्हायच्या आत सांगून टाकतो.

आधी अपाचे टू. पेशंट किती गंभीर ते पॉइंटांत मोजणारा १९८५ चा स्कोअर आहे पण अजून चालतोय, जास्त पॉइंट म्हणजे जास्त गंभीर. पहिल्या २४ तासातले सगळ्यात वाईट बीपी, पल्स, क्रिएटिनिन वगैरे टाकायचे आणि त्यावरून निघतं की असले किती पेशंट दगावायला हवे होते, मग खरंच दगावलेले भागिले अपेक्षित, याला एसएमआर म्हणतात, १ च्या खाली आला की साहेब खूश. आता वरचा आकडा कमी करायला चांगले डॉक्टर लागतात भिया, खालचा वाढवायला तुम्ही आणि कीबोर्ड पुरे.

सगळ्यात सोपं जीसीएस, म्हणजे पेशंट किती शुद्धीवर आहे त्याचा ३ ते १५ चा स्कोअर. १५ मधून वजा करायचं, उरले तेवढे पॉइंट. व्हेंटिलेटरवरच्या माणसाला झोपेचं औषध चालू असतं, हाक मारली तर ओ कोण देणार? खरं तर औषधाच्या आधीचा स्कोअर धरायचा, पण तो केसपेपरवर असतो का कधी? सरळ ३ टाका, १२ पॉइंट खिशात. संध्याकाळी ट्यूब टाकायच्या आधी जो माणूस सुनेला गाडीची किल्ली फ्रीजवर आहे म्हणून सांगत होता तो कागदावर गाढ कोमात.

रकाना मात्र रिकामा सोडू नका. रिकामा म्हणजे नॉर्मल धरतात, शून्य पॉइंट! पहिल्या दिवशी एबीजी (धमनीतल्या रक्तातल्या ऑक्सिजन वगैरेची तपासणी) झालीच नाही की मरणाच्या दारातला माणूससुद्धा कागदावर ठणठणीत.

बाकी मटेरियल नर्सिंग चार्टवरून मिळेलच. पहाटे साडेचारला सिस्टर अख्ख्या रात्रीचा चार्ट एका बैठकीत, एकाच पेनाने भरते. ताशी लघवी ५०, ५०, ५०, ५०. आपल्या नर्मदेच्या नळालासुद्धा एवढी शिस्त नाही. (तिला बोलू नका, ती एकटी तीन व्हेंटिलेटर सांभाळते, आणि चौथ्या बेडचे नातेवाईक पण.)

आणि वरच्या आकड्याचं मघाशी मी खोटं बोललो, तोही कमी होतो. पैसे संपले की घरचे डॉक्टरांचा सल्ला डावलून, सही करून पेशंट नेतात, याला लामा म्हणतात. रात्री तीन वाजता स्ट्रेचर लिफ्टमधून खाली, भाऊ अंबू बॅग (हाताने श्वास द्यायची पिशवी) दाबतोय, हात दुखले की मेव्हणा. पुढे काय होणार ते वॉचमनलाही माहीत असतं. तुम्ही काय लिहायचं? डिस्चार्ज, जिवंत.

तपासणीचं म्हणाल तर कधी कधी दुसऱ्या माणसाकडून त्याच फाइली परत भरून घेतात आणि दोघांचं किती जुळतं ते कप्पा नावाच्या आकड्यात मोजतात, १ म्हणजे तंतोतंत. आमच्याकडे ती वेळ आली तेव्हा स्टाफ कमी होता म्हणून दुसरा माणूसही मीच. जुनी शीट शेजारी उघडी ठेवून बसलो. कप्पा १ आला, साहेबांनी छप्पन दुकानच्या खाऊगल्लीतून जिलबी मागवली.