एचआरटीवरचा तो मेसेज पुढे पाठवायच्या आधी एवढं वाचा

सध्या पुण्यात बायकांच्या ज्या ग्रुपवर बघावं तिथे, सोसायटीचा असो, भिशीचा असो नाहीतर योगा क्लासचा, एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्यात काय म्हटलंय ते थोडक्यात सांगते. मेनोपॉजमध्ये, म्हणजे पाळी कायमची जाते त्या काळात, डॉक्टर जी हार्मोनची औषधं देतात, म्हणजे एचआरटी, त्यांनी ब्रेस्ट कॅन्सर होतोच, म्हणून अमेरिकेने २००२ मध्ये त्यांच्यावर बंदी घातली आणि आता तोच माल आपल्याकडे खपवतात. ती घोडीच्या मुतापासून करतात. एकदा चालू केली की मरेपर्यंत सुटत नाहीत. आपल्या आज्यांना कुठे लागत होती ही औषधं, शतावरी आणि सोयाबीन खा, आणि फारच त्रास असेल तर पिशवी काढून मोकळ्या व्हा. सगळ्यात खाली एक ओळ आहे: पाळी जाऊन वर्ष झाल्यावर परत आली तर घाबरू नका, शरीर तरुण होतंय.

मी फार्मासिस्ट आहे, आमचं कर्वेनगरला मेडिकल आहे. गायनॅकची चिठ्ठी घेऊन आलेली बाई औषध घेऊन जाते आणि दोन दिवसांत ते न फोडलेलं पाकीट परत आणते, "नको हो ताई, कॅन्सर होतो म्हणे", आणि तिच्या चेहऱ्यावरून कळतं की ती अजूनही रात्री दोनला घामाघूम होऊन उठतेय. एचआरटी कोणी घ्यायची हे मी ठरवू शकत नाही, ते तुमची डॉक्टर ठरवेल, पण या मेसेजमुळे बायका डॉक्टरशी बोलायच्या आधीच नाही म्हणतायत, आणि मला ते सहन होत नाही. म्हणून एकेक मुद्दा घेते.

"अमेरिकेने २००२ मध्ये बंदी घातली"

बंदी कधीच नव्हती, ना तिथे ना इथे. झालं होतं असं की अमेरिकेत विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह नावाचा एक मोठा सरकारी अभ्यास चालू होता, त्यातल्या एका गटात गर्भाशय असलेल्या १६,६०८ बायका होत्या, निम्म्यांना हार्मोनची गोळी (इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं, असे दोन्ही हार्मोन असलेली) आणि निम्म्यांना तशीच दिसणारी खोटी गोळी. वय ५० ते ७९, सरासरी ६३. म्हणजे बहुतेकींची पाळी जाऊन दहा-बारा वर्षं उलटलेली. आणि अभ्यासाचा मुख्य प्रश्न वाफा (अचानक अंग तापून घाम फुटतो तो त्रास) थांबतात का हा नव्हताच, या गोळीने हार्टचे आजार टळतात का हे बघायचं होतं. टळत नाहीत, उलट थोडे वाढतात, आणि ब्रेस्ट कॅन्सरही थोडे वाढतात असं दिसल्यावर जुलै २००२ मध्ये तो गट ठरल्या वेळेआधी थांबवला. अभ्यास थांबवला, औषध नाही. पण पेपरात मथळे आले "कॅन्सर २६ टक्क्यांनी वाढतो", आणि जगभरात लाखो बायकांनी गोळ्या सोडल्या.

आता हे २६ टक्के म्हणजे नक्की किती ते बघा, कारण सगळी भीती या एका आकड्यावर उभी आहे. ऋषिपंचमीला पहाटे दगडूशेठसमोर अथर्वशीर्षाला हजारो बायका बसतात ना, त्यातल्या दहा हजार डोळ्यांसमोर आणा. या अभ्यासात खोटी गोळी घेणाऱ्या दर दहा हजारांत वर्षाला ३० जणींना ब्रेस्ट कॅन्सर झाला, खरी घेणाऱ्यांत ३८ जणींना. आठ जणी जास्त. त्याच दहा हजारांत स्ट्रोक आठ जास्त, फुप्फुसात गुठळी आठ जास्त, हार्टचा त्रास सात जास्त, आणि खुब्याची फ्रॅक्चर पाच कमी, मोठ्या आतड्याचे कॅन्सर सहा कमी. त्या आठ जणींतली एखादी आपली बहीण असू शकते, म्हणून मी हा धोका शून्य आहे असं अजिबात म्हणणार नाही. पण "होतोच" आणि "दहा हजारांत वर्षाला आठ जास्त" या दोन वाक्यांवर एकच निर्णय होऊ शकत नाही.

पुढे काय झालं ते मेसेजमध्ये कधीच नसतं. ज्यांचं गर्भाशय आधीच काढलेलं होतं अशा १०,७३९ बायकांना त्याच अभ्यासात नुसतं इस्ट्रोजेन दिलं होतं. तो गट २००४ मध्ये स्ट्रोक वाढल्यामुळे थांबवला, पण त्यांच्यात ब्रेस्ट कॅन्सर वाढला नाही, आणि बरीच वर्षं पाठपुरावा केल्यावर तर कमीच निघाला. २०१७ मध्ये दोन्ही गटांचा १८ वर्षांचा हिशोब आला, तेव्हा हार्मोन घेतलेल्या आणि न घेतलेल्या बायकांच्या एकूण मृत्यूंत फरक नव्हता. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, २००३ मध्ये या औषधांवर काळ्या चौकटीतला इशारा छापायला लावला होता, त्यातला हार्ट, ब्रेस्ट कॅन्सर आणि डिमेन्शियाचा (स्मृतिभ्रंशाचा) मजकूर काढायचं नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं. गर्भाशय असताना नुसतं इस्ट्रोजेन घेतलं तर गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचा कॅन्सर होऊ शकतो, तो इशारा मात्र ठेवलाय, आणि तो बरोबरच आहे. त्यासाठीच पिशवी असलेल्या बाईला इस्ट्रोजेनबरोबर प्रोजेस्टेरॉन देतात. मैत्रिणीची पिशवी काढलीये म्हणून ती एकच गोळी घेते, आणि तिचं बघून तुम्ही तेवढीच घेतलीत, असं करू नका प्लीज, दुकानात असं विचारणाऱ्या खूप येतात.

"कॅन्सर होतोच"

वरच्यापेक्षा जास्त कडक आकडे हवे असतील तर तेही देते, मला काही लपवायचं नाहीये. २०१९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात जगभरच्या अभ्यासांचं एकत्र विश्लेषण आलं. पाश्चात्त्य देशांतली बाई, पन्नाशीत सुरू करून पाच वर्षं घेतलं, तर ५० ते ६९ या वीस वर्षांत काय होतं? अजिबात न घेणाऱ्या १०० बायकांत साधारण ६.३ जणींना ब्रेस्ट कॅन्सर होतो, दोन्ही हार्मोन रोज घेणाऱ्यांत ८.३, नुसतं इस्ट्रोजेन घेणाऱ्यांत ६.८. म्हणजे रोज दोन्ही घेणाऱ्या ५० बायकांमागे एक जास्त. आपल्याकडे ब्रेस्ट कॅन्सरचं मूळ प्रमाणच तिथल्यापेक्षा कमी आहे. जितकी जास्त वर्षं घ्याल तितका धोका वाढतो, हेही त्यातच आहे, म्हणून दर वर्षी डॉक्टरकडे जाऊन "अजून लागतंय का" हे विचारायचं असतं.

त्याच विश्लेषणात योनीमार्गात लावायच्या इस्ट्रोजेन क्रीमने धोका वाढलेला दिसला नाही. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण साठी-पासष्टीच्या काकू आमच्याकडे दर दीड-दोन महिन्यांनी युरीन इन्फेक्शनची अँटिबायोटिक घ्यायला येतात, जळजळ, कोरडेपणा, शिंकलं की कपडे ओले, आणि लाजेपायी हे घरात कोणालाच सांगत नाहीत. अनेकींच्या बाबतीत मूळ कारण तिथली त्वचा इस्ट्रोजेनअभावी पातळ होणं हे असतं आणि डॉक्टर त्यावर हे क्रीम देतात. तेसुद्धा "हार्मोन आहे" म्हणून परत येतं.

कोणी घेऊ नये याची यादी खरी आहे आणि ती पाळायलाच हवी: ब्रेस्ट कॅन्सर होऊन गेलेला, पायात किंवा फुप्फुसात गुठळी होऊन गेलेली, स्ट्रोक किंवा हार्ट अटॅक येऊन गेलेला, लिव्हरचा चालू आजार, किंवा कारण न कळलेलं ब्लीडिंग. बाकीच्यांसाठी मेनोपॉजवर काम करणाऱ्या डॉक्टरांच्या संघटनांचं आजचं मत असं आहे की वय ६० च्या आत किंवा पाळी जाऊन दहा वर्षांच्या आत असेल आणि वाफांचा खरंच त्रास असेल, तर बहुतेकींना फायदा धोक्यापेक्षा जास्त असतो. शिवाय आता गोळीच घ्यावी लागते असंही नाही, हाताला किंवा मांडीला चोळायचं जेल मिळतं, ते त्वचेतून जातं, आणि आतापर्यंतच्या अभ्यासांत जेलने गुठळीचा धोका वाढलेला दिसलेला नाही, गोळीने थोडा वाढतो.

इथे एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. गौरी-गणपतीच्या आधी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्यांसाठी दुकानात रांग लागते. चिठ्ठी नसते, मी मागितली की राग येतो. ते नॉरएथिस्टेरॉन असतं, ५ एमजीची गोळी दिवसातून तीनदा, आणि इतक्या डोसमध्ये त्यातला काही भाग शरीरात गर्भनिरोधक गोळीतल्या इस्ट्रोजेनमध्ये बदलतो, त्यामुळे गुठळीचा धोका त्यालाही आहे. एचआरटीत हेच औषध असलं तर बहुतेकदा दिवसाला १ एमजी किंवा त्याहून कमी असतं. देवाच्या दारात बसता यावं म्हणून पंधरा एमजी न विचारता घेणारी बाई रात्रीची झोप मिळावी म्हणून डॉक्टरने तपासून दिलेलं औषध घाबरून परत करते, हे बघून फार वाईट वाटतं. दोन्ही वेळेला डॉक्टरला विचारायचंय, एवढंच माझं म्हणणं.

"घोडीच्या मुतापासून करतात"

एक जुनं इस्ट्रोजेन तसं करतात, गाभण घोड्यांच्या मूत्रातून, १९४२ पासून अमेरिकेत मिळतं, ही गोष्ट खरी आहे. पण आज जास्त करून जे इस्ट्रॅडिओल लिहून देतात ते सोयाबीन किंवा रानकंदातल्या घटकांपासून प्रयोगशाळेत बनवतात आणि ते आपल्या बीजकोशातल्या इस्ट्रोजेनसारखंच हुबेहूब असतं. चिठ्ठीवरचं नाव वाचा, नाही कळलं तर मेडिकलवाल्याला विचारा.

"एकदा चालू केली की सुटत नाही"

सुटते. सवय लागणारं औषध नाहीये हे. बंद केल्यावर वाफा काही जणींना परत येतात कारण तो काळच मुळात लांब असतो, अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात वाफांचा काळ साधारण सात वर्षांहून थोडा जास्त निघाला. हळूहळू डोस कमी करत बंद करता येतं.

"आपल्या आज्यांना कुठे लागत होती"

हा मुद्दा सगळ्यात जास्त पटतो लोकांना, आणि मला सगळ्यात जास्त लागतो. आठवून बघा ना आपापल्या आज्या. पासष्टीनंतर कमरेत वाकलेल्या, दर वर्षी उंची कमी होत गेलेल्या, आणि मग एक दिवस मोरीत पाय घसरला, खुबा मोडला, खाटेला खिळल्या आणि वर्षभरात गेल्या, अशी आजी कोणाच्या घरात नव्हती? ते "म्हातारपण" म्हणून सोडून दिलं, पण पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं आणि पहिल्या काही वर्षांत हाडं झपाट्याने विरळ होतात. त्या वर सांगितलेल्या अभ्यासात, ज्याची भीती घातली जाते त्याच अभ्यासात, हार्मोन घेणाऱ्यांत खुब्याची फ्रॅक्चर साधारण एक तृतीयांश कमी झाली होती. आज्यांना त्रास नव्हता असं नाही, त्यांना कोणी विचारलं नव्हतं. "हिला अलीकडे फार राग येतो", "डोक्यात फरक पडलाय" असं म्हणून त्यांना बाजूला बसवलं गेलं.

अजूनही तेच चालू आहे. चव्वेचाळीसची बाई, पाळी कधी वीस दिवसांनी कधी दोन महिन्यांनी, झोप नाही, छातीत धडधड, मुलांवर ओरडते आणि मग रडते, रक्त तपासलं तर हार्मोन "नॉर्मल", मग घरचे म्हणतात मनाचे खेळ आहेत. पेरिमेनोपॉजमध्ये, म्हणजे पाळी पूर्ण थांबायच्या आधीच्या काही वर्षांत, हे हार्मोन आज वर उद्या खाली असे हलतात, त्यामुळे एका दिवसाच्या रिपोर्टवरून काही ठरत नाही, पंचेचाळिशीनंतर तर निदान लक्षणांवरूनच करतात. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन मात्र जरूर बघून घ्या, कारण तसाच थकवा आणि धडधड त्यांनीही होते. आणि पाळी चुकते म्हणजे दिवस राहणार नाहीत असं समजू नका, एचआरटी हे गर्भनिरोधक नाही.

"शतावरी आणि सोयाबीन खा"

खा की, कोण नाही म्हणतंय. सोयाबीनने काही जणींच्या वाफा थोड्या कमी होतात, काहींच्या काहीच होत नाहीत, अभ्यास दोन्हीकडचे आहेत. शतावरीचे मोठे नीट झालेले अभ्यास नाहीत. हाडांसाठी टेकडी चढा, वजनं उचला, व्हिटॅमिन डी तपासून घ्या, हे हार्मोन घेणाऱ्यांनाही लागू आहे. ज्यांना हार्मोन चालतच नाहीत त्यांच्यासाठी बिनहार्मोनची औषधं आहेत, कमी डोसमधली काही डिप्रेशनची औषधं वाफांवर चालतात, समुपदेशनाचीही मदत होते.

उलट टोकाचे रीलही येतात हल्ली, एचआरटी घेतली की कायम तरुण, हार्ट अटॅक नाही, विसरभोळेपणा नाही. तेही खोटं आहे. हार्ट किंवा मेंदू वाचवायला म्हणून हे औषध देत नाहीत, आणि ६५ नंतर नव्याने सुरू केलेल्या बायकांत डिमेन्शिया उलट वाढलेला दिसला होता.

"पिशवी काढून मोकळ्या व्हा"

पिशवी काढल्याने वाफा थांबत नाहीत, हार्मोन पिशवीत तयार होत नाहीत, बीजकोशात होतात. आणि पिशवीबरोबर बीजकोशही काढले तर मेनोपॉज एका रात्रीत येतो, तोही जास्त तीव्र. चाळिशीच्या आत असं झालं तर हाडं आणि हार्ट दोन्हीला धोका, आणि अशा बायकांना नैसर्गिक वयापर्यंत हार्मोन द्यायला हवेत असं डॉक्टर सांगतात, पण ते बहुतेकींना कोणी सांगितलेलंच नसतं. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या तरुणपणीच काढल्याची बातमी २०१९ मध्ये सगळ्यांनी वाचली, हळहळही व्यक्त केली, आणि आता आपणच शहरात बसून तोच सल्ला फॉरवर्ड करतोय. ब्लीडिंग जास्त होत असेल तर गोळ्या आहेत, कॉपर टीसारखीच आत बसवायची पण तांब्याऐवजी हार्मोन सोडणारी टी आहे, ऑपरेशन हा शेवटचा पर्याय असतो. तुमची पिशवी काढली असेल तर डिस्चार्ज पेपर शोधा आणि बीजकोश ठेवलेत का ते त्यात बघा.

"पाळी परत आली तर घाबरू नका"

ही ओळ ज्याने कोणी लिहिली त्याला आपण काय करतोय हे कळलं असेल असं वाटत नाही. पूर्ण वर्षभर पाळी नाही आणि मग रक्त दिसलं, एक डाग असला तरी, ती पाळी नसते. बऱ्याचदा कारण साधं निघतं, कोरडेपणा असतो, पॉलिप म्हणजे आतली छोटी मांसवाढ असते. पण गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरची पहिली खूण बहुतेक वेळा हीच असते, आणि या टप्प्यावर सापडला तर तो बहुतेकदा पूर्ण बरा होतो. सोनोग्राफी आणि गरज पडली तर अस्तराचा छोटा तुकडा काढून तपासणी. एचआरटी घेत असा किंवा नसा, दुखत नसलं तरी, सण-लग्न-मुलांची परीक्षा काही असलं तरी, याच आठवड्यात गायनॅककडे जा.