आमचा दिवस आमच्या हातात नसतो

आज ऐरोलीच्या ऑफिसात दुपारभर ट्रेनिंग होतं, वेळेच्या नियोजनाचं. बाहेरून आलेले सर म्हणाले, सकाळचे दोन तास फोन सायलेंट, मेल बंद, आधी स्वतःचं महत्त्वाचं काम. अहो, मी आयटी सपोर्टला आहे. फोन उचलणं हेच माझं काम आहे! पगाराची फाइल उघडत नाही म्हणून घाबरलेल्या अकाउंट्सच्या ताईंनी त्या दोन तासांत कुणाकडे जायचं?

ठाणे लोकलमध्ये उभ्यानेच टाइप करतेय, डोकं अजून तापलेलं आहे.

मग आलं पोमोदोरो. २५ मिनिटं काम, ५ मिनिटं विश्रांती. फ्रान्चेस्को चिरिल्लो नावाच्या इटालियन माणसाने १९८० च्या दशकाच्या शेवटी, विद्यार्थी असताना, टोमॅटोच्या आकाराचा टायमर लावून ही पद्धत काढली. स्वतःच्या अभ्यासासाठी! मध्येच काम तुटलं तर ती २५ मिनिटं धरायची नाहीत, पुन्हा पहिल्यापासून सुरू, असा त्यातला नियम आहे. सोमवारी सकाळी आमच्या डेस्कवर एक तरी पूर्ण होईल का? माझ्या भाचीला दहावीला त्याचा फायदा झाला, हे मान्य. पण तिच्यासमोर रांग नव्हती.

आधीच्या कंपनीत, महापेला, आमचे एक सीनियर होते. सगळे त्यांना दादा म्हणायचे. तिथे ‘अकाउंट लॉक झालंय’ ही तिकिटं, म्हणजे नोंदवलेल्या तक्रारी, रोज यायची. अनलॉक करायला दोन मिनिटं लागतात. करायचं, तिकीट बंद, पुढचं. तासाभराने तोच माणूस परत फोनवर, आता चिडलेला. दादांनी मॅनेजरांशी भांडून एक गोष्ट मिळवली : जेवणापर्यंत सगळे फोन मी घेणार, दादांना कुणी हाकही मारायची नाही, जेवणानंतर उलटं. बस, एवढंच.

त्या शांत सकाळी दादा डोमेन कंट्रोलरचे, म्हणजे सगळ्यांचे पासवर्ड तपासणाऱ्या सर्व्हरचे, लॉग (त्याने ठेवलेल्या नोंदी) काढून बसले. ४७४० नंबरची नोंद, म्हणजे खातं कुठून लॉक झालं ती. बहुतेक ठिकाणी नाव मेल सर्व्हरचं. तिथले लॉग पाहिले तेव्हा कळलं, लोक कॉम्प्युटरवर पासवर्ड बदलतात, पण खिशातल्या मोबाइलमध्ये जुनाच राहतो. मोबाइल आपला तोच पासवर्ड पाठवत राहतो आणि खातं लॉक होतं. मग पासवर्ड बदलायच्या सूचनेतच ‘मोबाइलमध्येही बदला’ असं मोठ्या अक्षरात टाकलं. ती तिकिटं जवळजवळ थांबली.

आयटिलमध्ये, म्हणजे आयटी सेवा कशी चालवावी याच्या मार्गदर्शक चौकटीत, इन्सिडेंट वेगळा आणि प्रॉब्लेम वेगळा, हे आम्हाला सर्टिफिकेशनला पाठ करायला लावतात. सेवा पुन्हा चालू करणं एक, मूळ कारण शोधणं दुसरं. पण अप्रेजलला मोजता काय? बंद केलेली तिकिटं! मूळ कारण शोधायला सलग वेळ लागतो आणि तो एकट्याने शिस्त पाळून मिळत नाही. शेजारच्याने तेवढा वेळ आपले फोन घ्यावे लागतात. दादांना तो मी दिला, मला त्यांनी दिला. माझ्या दुपारी मी नव्या लॅपटॉपचा सेटअप आपोआप करणारी स्क्रिप्ट पूर्ण केली. कित्येक महिने ती अर्धवट पडली होती आणि मला वाटायचं आपल्यातच चिकाटी नाही.

राग याचाच येतो. माणसं कमी ठेवायची, नाइटचा हँडओव्हर अर्धा द्यायचा आणि वर सांगायचं, तुमचं नियोजन चुकतंय. ट्रेनिंगला माझ्या शेजारी बसलेली नवी मुलगी हे सगळं वहीत उतरवून घेत होती. बिचारी उद्यापासून स्वतःलाच दोष देईल.

ते सर मनाने चांगले होते, यात वाद नाही. यादी लिहावी, हेही पटलं, मीही लिहिते.

पण उद्या मॅनेजरांकडे मी दादांचीच वाटणी मागणार आहे. पहिली सकाळ त्या मुलीला. तिचे फोन मी घेईन.