गिळलेली मुंज

बेळगावच्या शहापुरात आमच्या गल्लीत परवापासून मी 'मुंज गिळलेला माणूस' आहे. शेजारच्या काकूंच्या लेकाची २००९ सालची मुंज डीव्हीडीवर होती, ती पेन ड्राइव्हवर घालून हवी होती. नव्या लॅपटॉपांना डीव्हीडी घालायला तोंडच नसतं, म्हणून अख्खी गल्ली आपापली लग्नं-मुंजी घेऊन माझ्या जुन्या डेस्कटॉपकडे येते. त्याला दोन तोंडं. वर डीव्हीडी रायटर, खाली सीडीपुरता ड्राइव्ह.

कॉपी निम्म्यावर अडली. काढून, पुसून परत लावू म्हटलं. पण विंडोजच्या लेखी वरचा ड्राइव्ह 'ई' आणि खालचा 'डी'. मी सवयीनं डी इजेक्ट केला. खालचं रिकामं दार ऐटीत बाहेर! ई केला, तर वरून नुसतं 'घुर्र' आणि मग शांतता. आतला रबरी पट्टा सैल झाला की मोटर फिरते, दार हलत नाही.

तेवढ्यात तात्या आले.

"काय करूलालास?"

"डीव्हीडी अडकली, तात्या."

"कवापासनं?"

"अर्धा तास झाला."

"अर्धा तास!" तात्यांनी खुर्ची ओढली. "आम्ही १९५६ पासनं कर्नाटकात अडकलोय, आणि तू अर्ध्या तासात रडूलालास?"

घाबरून मी पुन्हा डीवरच क्लिक केलं. खालचं दार पुन्हा हजर.

"बघ! हाक एकाला, ओ दुसऱ्याचीच. सीमाप्रश्नावरचा महाजन आयोग असाच. मागितला आपण, १९६७ साली अहवाल आला तो त्यांच्या बाजूनं."

"तात्या, जरा सरका की."

"२००४ पासनं सीमाप्रश्न सुप्रीम कोर्टात आहे. तुझ्या पेटीतनं घुर्र तरी येतंय. तिथनं तेवढं तरी येतंय काय?"

यावर मी काय बोलणार? आणि खरं सांगायचं तर हसूही येईना.

ड्राइव्हच्या तोंडावर टाचणी जाईल एवढं भोक असतं. कॉम्प्युटर बंद करून त्यात सरळ तार खुपसली की आतली पकड सुटते, दार बोटभर पुढं येतं, बाकीचं हातानं ओढायचं. काकूंनी बांगडीतली सेफ्टीपिन काढून दिली. ती सरळ केली, खुपसली, दार आलं. मी हुश्श करेपर्यंत तात्यांनी डीव्हीडी उचलून धोतराच्या सोग्यानं गोल गोल पुसलीसुद्धा. ताट पुसावं तशी! डीव्हीडी मधून कडेकडे सरळ पुसायची असते. गोल ओरखडा माहितीच्याच वाटेनं धावतो आणि मग ड्राइव्हला ती सावरून वाचता येत नाही.

आता ती मातृभोजनापर्यंत चालते. काकूंनी घास उचलला की थांबते. लेक आ वासून बसलाय, घास हवेत.

"मी डोळ्यांनी बघितलं, यानंच पिन खुपसली," ही तात्यांची साक्ष.

आजवर या मशीनवर मी कितीतरी लग्नं उतरवून दिली. अर्धा पाव कुंदा कुणी आणला नाही. मागायचा नसतो, कळतं मला, पण आणायचा तर असतो की नाही? वर आज सकाळी काकू दारात. मला वाटलं, मनातला राग गेला असेल.

"ती सेफ्टीपिन दे."

दिली. सरळ झालेली बघून त्याचंही बोलल्या.