पाव मिलिमीटरचा प्रश्न

अंबडच्या एमआयडीसीत मी क्वालिटीला आहे. म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामात खोट काढायचा मला पगार मिळतो. अशा माणसाने इलेक्ट्रिक गिटार घ्यायला जाऊ नये. गेलाच, तर खिशात व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं काढायचं हत्यार, नेऊ नये.

"नाशकात राहून वाजवायचंच तर ढोल वाजव," असं बाबांचं मत पडलं. ते बाजूला सारून मी चाळीस हजारांचं बजेट मंजूर करून घेतलं. त्यात गिटार आणि तिचा आवाज मोठा करणारा अ‍ॅम्प, दोन्ही बसवायचं होतं.

कॉलेज रोडच्या दुकानात दोन गिटारी शेजारीशेजारी टांगलेल्या. एक यामाहाची पॅसिफिका ११२, दुसरी स्क्वायरची अ‍ॅफिनिटी स्ट्रॅट. स्क्वायर म्हणजे फेंडरच्याच घरातली धाकटी पाती. दोघींचा तोंडवळा मात्र एकाच आजीवर गेलेला: १९५४ सालची फेंडर स्ट्रॅटोकास्टर. तीच दोन शिंगं, तोच कमरेचा बाक, तारांची लांबीही तीच, साडेपंचवीस इंच. किमतीतही फार अंतर नव्हतं. दुसरा कोणी असता तर छापा-काटा करून मोकळा झाला असता.

मी मापं काढली. बोटं ठेवायची पट्टी सपाट नसते, तिला किंचित गोलाई असते. स्ट्रॅटची त्रिज्या साडेनऊ इंच, पॅसिफिकाची पावणेचौदा. पट्टीची रुंदी बेचाळीस मिलिमीटर धरून मी बिलाच्या पाठीमागे हिशेब केला. मधला उंचवटा एकीला ०.९ मिलिमीटर, दुसरीला ०.६. म्हणजे भांडण होतं ते साधारण पाव मिलिमीटरचं. कारखान्यात एवढ्या फरकाला मी अख्खा लॉट परत पाठवतो, इथे कसा सोडणार?

शिवाय फ्रेट, म्हणजे त्या पट्टीवरच्या धातूच्या आडव्या तारा: स्ट्रॅटला एकवीस, पॅसिफिकाला बावीस. माझं बोट पाचवीच्या पुढे आजवर गेलेलं नाही. पण बावीसावी फ्रेट म्हणजे त्र्यंबकच्या रस्त्याला घेतलेला प्लॉट. तिथे राहायला कोण जातंय? आपला आहे, एवढंच सुख.

मग गुणगुण. पिकअप म्हणजे तारांचं कंपन विजेत बदलणारं तांब्याचं वेटोळं. स्ट्रॅटला तिन्ही पिकअप एकेरी वेटोळ्याचे, आणि असा पिकअप आपल्या पन्नास हर्ट्झच्या विजेची गुणगुणही इमानेइतबारे पकडतो. पॅसिफिकाला ब्रिजजवळ, म्हणजे तारा खाली जिथे टेकतात तिथे, दुहेरी वेटोळ्याचा हंबकर आहे. १९५५ साली गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हरने ही युक्ती काढली: दोन वेटोळी उलटसुलट जोडायची, त्यांचे चुंबकध्रुवही उलटे ठेवायचे, म्हणजे दोघांची गुणगुण एकमेकांना खाऊन टाकते आणि सूर तेवढा उरतो. (एकत्र कुटुंबात हे तत्त्व चालत नाही. तिथे दोघांची गुणगुण मिळून मोठी होते.) आमच्या हॉलमधली ट्यूब आणि जुना पंखा आठवून मी पॅसिफिकाकडे झुकलो. मग स्ट्रॅटची मधली पिकअप ऐकली आणि परत सरळ झालो.

दुसऱ्या रविवारी मिसळ खाताना ऑर्केस्ट्रात वाजवणारा मित्र म्हणाला, "लाकूड बघ. पॅसिफिका अल्डरची, ती दुसरी पॉप्लरची." दुपारी जाऊन मी दोन्ही गिटारी कलिंगडासारख्या ठोकून पाहिल्या. बाबांनी घरी एवढंच विचारलं, "सागवानात नाही का मिळत?"

बायको गप्प होती. तिचं गप्प राहणं मला कळत होतं. दोन वर्षांपूर्वी येवल्याला पैठणी घेताना ती पाऊण तास लावील म्हणून मी दुकानाबाहेर तोंड पाडून बसलो होतो. ती वीस मिनिटांत बाहेर आली होती. माझा इथे तिसरा रविवार चालू होता.

त्याच रविवारी गेलो तर स्ट्रॅटच्या जागी नुसता खिळा.

"सकाळी गेली," दुकानातला पोरगा म्हणाला. "कॉलेजचा मुलगा होता. दहा मिनिटांत घेतली. रंग आवडला म्हणाला."

त्या क्षणी मला लख्ख कळलं की मला स्ट्रॅटच हवी होती.

पॅसिफिका घेतली. मन खट्टू झालं होतं, म्हणून तिच्यासाठी हार्ड केस घेतली. मग सेटअप करून घेतला, स्टँड, चामड्याचा पट्टा, ट्यूनर, तारांचे दोन जादा संच आणि दहा फुटांची चांगल्यातली केबल. बिल चाळीस हजारांवर बरोबर येऊन थांबलं. कमी-जास्त शून्य, असं माप कारखान्यातही क्वचित येतं. अ‍ॅम्प राहिला, हे मला गंगापूर रोडच्या सिग्नलला आठवलं.

रात्री हॉलमध्ये बसून वाजवली. अ‍ॅम्पशिवाय इलेक्ट्रिक गिटारचा आवाज डब्यावर ताणलेल्या रबरासारखा येतो. हंबकर आणि एकेरी वेटोळं, दोन्ही सारखीच मुकी. पंख्याचा आवाज जास्त होता.

बाबांनी बातम्यांवरून नजर काढली.

"चांगली निवडलीस रे," ते म्हणाले. "अजिबात त्रास नाही."

केबलचं एक टोक गिटारला लावलेलं होतं. दुसरं बायकोने फरशी पुसताना उचलून माझ्या मांडीवर ठेवलं. "अहो, हे कुठे लावायचं असतं?"

"दिवाळीच्या बोनसला," मी म्हणालो.