पोदेर आला, पंप घे!

आजारी पोराला औषध देणं सोपं. ताप चढलेला असतो, पोर मलूल पडलेलं असतं, सगळं घर तुमच्या बाजूने असतं. कसोटी लागते ती ठणठणीत पोराला रोज सकाळ-संध्याकाळ औषध देताना. आमच्या चिरंजिवांना दमा आहे. धाप लागली की घ्यायचा निळा पंप त्याला मान्य आहे. लगेच मोकळं वाटतं. भांडण आहे ते रोजच्या पंपाशी. त्यातलं स्टेरॉइड श्वासनलिकेची सूज सावकाश उतरवतं, पुरता गुण यायला काही आठवडे जातात, आणि गुण आला की दिसतं काय? काहीच नाही. पोर खोकत नाही. आता न आलेला खोकला दाखवून कुणाला काय पटवणार?

सासूबाईंना तर नाहीच. "बरा आहे ना तो? मग कशाला? सवय लागेल." डॉक्टरांनी बजावलं होतं की सवय लागत नाही, औषध थेट फुप्फुसात जातं म्हणून मात्राही थोडीच पुरते, पण आपल्या मनाने बंद करू नका. सासूबाई म्हणाल्या, "डॉक्टर सांगणारच!" आणि हे कधी, तर गोव्यातल्या फोंड्याच्या ऐन पावसाळ्यात. चपलांना बुरशी, पट्ट्याला बुरशी, भिंतीला हात लावावा तर ओला.

औषधाचा विधी सत्यनारायणाला लाजवील असा. पंप हलवायचा, स्पेसरला म्हणजे प्लास्टिकच्या पोकळ नळकांड्याला लावायचा, श्वास सोडायचा, नळी ओठांत धरायची, एक दाब, पाच-सहा संथ श्वास. शेवटी खळखळून चूळ, नाहीतर चपलांवरची बुरशी जिभेवर. आमच्या स्पेसरला शिटी आहे. घाईने श्वास ओढला की वाजते. म्हणजे शिटी वाजली की चुकलं. चिरंजिवांच्या मते वाजली की जिंकलं. शिवाय नळीत तोंड घालून बोललं की आवाज घुमतो हा शोध लागल्यापासून औषधाआधी "मी नरकासुर! मी पंप घेणार नाही!" अशी गर्जना होते. स्पेसर साबणाच्या पाण्यात धुऊन तसाच वाळवायचा, पुसायचा नाही. घासल्याने प्लास्टिकवर वीज साठते आणि औषध आतच चिकटतं. सासूबाईंनी तो पदराने लख्ख पुसून देव्हाऱ्याजवळ ठेवला होता.

मग मी इतिहासाचा आधार घेतला. अमेरिकेत एका तेरा वर्षांच्या दमेकरी मुलीने वडिलांना विचारलं, केसांच्या फवाऱ्यासारखं माझं औषध का नाही मिळत? वडील औषध कंपनीचे प्रमुख. १९५६ साली पंप बाजारात आला. चिरंजिवांनी डोळे मोठे करून सगळं ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे हे सगळं तिच्यामुळे?"

धमकीचा उपाय दिवाळीपुरता. पंप नाही तर नरकासुराचा पुतळा जाळताना बघायला नेणार नाही, म्हटलं की आठवडाभर घर शिस्तीत. खरं तर त्या पहाटेच्या धुरात त्याला न्यावं की नाही हाच प्रश्न, पण ते त्याला कोण सांगतो!

शेवटी उपाय दारावरून सायकलने आला. पोदेर म्हणजे आमचा पाववाला. सकाळी येतो, संध्याकाळी येतो, डोक्यावर प्लास्टिक घेऊन भर पावसातही येतो. ठरलं: पोदेराचा पों-पों वाजला की पंप. चिरंजीव हॉर्न ऐकताच स्पेसर घेऊन उभे. सासूबाईसुद्धा आतून हाक मारू लागल्या, "पोदेर आला रे, पंप घे!" पोदेरही उंडे, म्हणजे गोल पाव, मोजता मोजता विचारतो, "बाबान वखद घेतलें?"

परवा संध्याकाळी मात्र पोदेर आलाच नाही. दिवेलागण झाली, चिरंजीव पायरीवर हाताची घडी घालून बसले. "पोदेर आला नाही, म्हणजे वेळ झाली नाही." कायदा आम्हीच केलेला. अखेर नवऱ्याने अंगणात जाऊन तोंडाने दणदणीत पों-पों केलं. चिरंजीव हसत हसत उठले, पंप हलवला, आणि शेजारीण पिशवी घेऊन कुंपणापाशी आली.

"उंडे आसात?"